१४,५०० रुपयांचा ब्रश आणि मामंजींचा उजवा हात

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४३, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. गेल्या वर्षी बेळगावात दोन दाढांचं रूट कॅनल करून कॅप बसवल्या, त्यात १६ हजार गेले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हिरड्यांतून रक्त येतंय, सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यायला या. ताई गेल्या नाहीत, कारण साफ केले की दात सैल होतात असं शेजारणीनं सांगितलं. बेंगळुरूला नोकरीला असलेल्या मुलानं आता इलेक्ट्रिक टूथब्रश निवडून ठेवलाय. किंमत १४,५०० रुपये. "आई, एकदाच घे, परत रूट कॅनलची पाळी येणार नाही," असं तो म्हणतो. यजमानांचं म्हणणं, "आमच्या आज्जीनं जन्मभर कडुलिंबाच्या काडीनं दात घासले आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खाल्ला." सासूबाई मशेरी लावतात. पत्राच्या अगदी शेवटी, वेळ कसा पुरत नाही हे सांगताना, एक ओळ आहे: मामंजींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवा हात चालत नाही, त्यामुळे सकाळी त्यांचेही दात ताईच घासून देतात. प्रश्न एवढाच: हा ब्रश तेवढ्या पैशांचा आहे का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमचे दात दिसले, दुसऱ्या वेळी ती शेवटची ओळ दिसली. तिच्याकडे येतेच, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

इलेक्ट्रिक ब्रश हे काही फॅड नाही. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये असा पहिला ब्रश निघाला, तोही ज्यांचे हात नीट चालत नाहीत किंवा ज्यांच्या दातांना तारा लावल्यात अशा रुग्णांचा विचार करून. त्यानंतर यावर भरपूर अभ्यास झाला. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१४ मध्ये ५६ चाचण्या पाहिल्या, पाच हजारांहून जास्त माणसांच्या. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशनं दातांवरचा चिकट थर, ज्याला प्लाक म्हणतात, तो तीन महिन्यांपर्यंतच्या वापरात ११ टक्के आणि त्यापुढच्या वापरात २१ टक्के कमी आढळला. हिरड्यांची सूज आधी ६ आणि नंतर ११ टक्के कमी. म्हणजे फायदा खरा आहे. पण त्यानं दात जास्त वर्षं टिकतात का, रूट कॅनल टळतं का, हे त्या चाचण्यांतून ठरलेलं नाही. आणि मुलाला आवर्जून सांगा, की ती तुलना साध्या ब्रशची आणि विजेवरच्या ब्रशची होती. २ हजारांच्या आणि १४ हजारांच्या ब्रशची नव्हती.

मग वरचे १२ हजार जातात कशात? मोबाइलला जोडायचं ॲप, छोटा पडदा, सहा-सात प्रकारची थरथर, प्रवासाची चार्जिंगची डबी, तोंडात ब्रश कुठे फिरतोय ते ओळखणारी यंत्रणा. कुणाला हे आवडत असेल तर जरूर घ्यावं, पैसे त्यांचे आहेत. पण दाताला लागतात त्या दोनच गोष्टी. पहिली, दोन मिनिटं मोजून बंद होणारं किंवा दर तीस सेकंदांनी इशारा देणारं घड्याळ. दुसरी, दाब जास्त झाला की सांगणारी सोय: कुठे लाल दिवा लागतो, कुठे थरथर मंदावते. दोन मिनिटांचं घड्याळ दीड-दोन हजारांच्या चार्जिंगच्या ब्रशमध्येही मिळतं. दाबाची सोय त्या किमतीत काहींत असते, काहींत नसते, म्हणून ती डब्यावर वाचूनच घ्यावी.

या दाबाबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं कडक केसांचा ब्रश वापरला आणि भांडं घासावं तसे जोर लावून दात घासले. स्वच्छ म्हणजे करकरीत, असंच डोक्यात होतं. एक दिवस थंडीत माठातलं पाणी प्यायले आणि डाव्या बाजूनं कळ थेट कानात गेली. दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, नखानं कोरल्यासारख्या खाचा पडल्या होत्या. हिरडीही वर सरकली होती. ती परत खाली येत नाही. त्यामुळे आज मला कुणी विचारलं की इलेक्ट्रिक ब्रशमध्ये पैसे कशाला द्यायचे, तर मी म्हणते, हात आवरायला लावणाऱ्या त्या दिव्याला. ज्यांचा ब्रश महिन्याभरात फुलासारखा पसरतो, त्यांनी हे स्वतःवर घेऊन बघावं. तीन महिन्यांच्या आत केस वाकतात याचा अर्थ जोर जास्त लागतोय.

आता हिशोब करू. तुम्ही लिहिलंय की त्या महागड्या ब्रशची दोन डोकी १,८०० रुपयांना पडतात. डोकं दर तीन महिन्यांनी बदलायचं, म्हणजे वर्षाला चार. पाच वर्षांत वीस लागतील. पहिलं डब्यात आलेलं सोडलं तर १९ डोकी, प्रत्येकी ९००, म्हणजे १७,१०० रुपये. हँडल धरून ३१,६०० झाले, आणि तेही एकट्याचे. त्याऐवजी २ हजारांचं हँडल आणि २५० चं डोकं धरलं तर पाच वर्षांचे ६,७५० होतात. ५० रुपयांचा साधा मऊ ब्रश दर तीन महिन्यांनी बदललात तर १,०००. शिवाय हँडलच्या आतली बॅटरी सीलबंद असते, ती गेली की बहुतेक वेळा हँडलच जातं, आणि हमी सहसा दोनच वर्षांची असते. मुलगा "एकदाच घे" म्हणतो ना, तिथे त्याचा हिशोब चुकलाय. हा खर्च एकदाचा नसतो.

तुमच्या मुलाच्या बोलण्यात दुसरीही एक समजूत दडली आहे, की रूट कॅनल ब्रशमुळे झालं आणि ब्रशमुळेच टळेल. दाढ किडते ती बहुतेक वेळा दोन दाढांच्या मधल्या फटीतून नाहीतर चावण्याच्या खाचेतून. त्या फटीत कुठलाच ब्रश जात नाही, १४ हजारांचाही नाही. तिथे दातांच्या फटींसाठीचा खास दोरा, म्हणजे फ्लॉस, लागतो, किंवा फट मोठी असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश, जो औषधाच्या दुकानात मिळतो. बेळगावात कॉलेज रोडच्या किंवा टिळकवाडीच्या दुकानांतून विचारा, खानापुरात नसेल तर ते मागवून देतात. रोज रात्री एकदा पुरे.

रात्री, हे मुद्दाम म्हणते. आपल्याकडे सकाळी ब्रश तोंडात धरून परसात पंधरा मिनिटं फिरतात, चार घरांची विचारपूस होते, पण त्यात खरं घासणं अर्ध्या मिनिटाचंच असतं. आणि रात्री जेवून बडीशेप तोंडात टाकली की झोप. झोपेत लाळ कमी होते, आणि दातांची खरी राखण लाळच करते. घरात सणाला कुंदा आला, पाहुण्यांबरोबर गोकाकचा करदंट आला, खाऊ द्या की, त्यात काय! फक्त त्या रात्री ब्रश चुकवू नका. खूप वेळा थोडं थोडं गोड खाण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच खाल्लेलं दातांना कमी बाधतं. शाळेत तासातासाला होणारा साखरेचा चहा मात्र मोजून बघा, ताई.

पेस्टबद्दलही थोडं. नळीवर फ्लोराइड, म्हणजे दात किडण्यापासून राखणारा घटक, लिहिलंय का ते वाचा. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडला १,००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांची, मर्यादा आहे आणि ते प्रमाण नळीवर छापावं लागतं. वनस्पतींच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेस्टमध्ये ते नसतंच. आणि घासून झाल्यावर आपण खळखळून चार चुळा भरतो, ती सवय मोडायला कठीण आहे, मलाही गेली. फेस थुंकून टाका, पाण्यानं तोंड धुऊ नका, किंवा अगदी घोटभर घ्या. दातांवर राहिलेलं फ्लोराइडच पुढचं काम करतं.

आता रक्त. तुम्ही लिहिलंय, रक्त दिसलं की त्या बाजूला दोन दिवस ब्रश लावत नाही. नेमकं उलटं करायला हवं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथं एक प्रयोग झाला होता. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा दिवस ते तीन आठवड्यांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्वीसारख्या झाल्या. रक्त येणं म्हणजे तिथे थर साचलाय. मऊ ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका धरून, जोर न लावता, रोज तिथेच फिरवा. दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवं.

नाही थांबलं तर त्या थराचं कीटण झालंय असं समजा. कीटण म्हणजे दगडासारखा घट्ट झालेला थर. तो कुठल्याही ब्रशनं निघत नाही, दंतवैद्याकडच्या अवजारानंच निघतो. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात जास्त काळजी वाटली ती इथे. साफ केले की दात सैल होतात, ही समजूत निपाणीपासून नंदगडपर्यंत घरोघरी ऐकू येते आणि तिच्यापायी माणसं चांगले दात घालवतात. होतं असं: सुजलेली हिरडी आणि दगडाचा थर यांनी दातांमधल्या फटी बुजवलेल्या असतात. थर निघाला, सूज उतरली की फटी उघड्या पडतात, थोडे दिवस गार लागतं आणि दात हलतोय असं वाटतं. जो दात खरंच हलतो, तो कीटणानं आतलं हाड खाल्ल्यामुळे आधीच हलत असतो, दगडानं त्याला नुसता टेकू दिलेला असतो. तुमची सहा महिन्यांची तारीख टळून गेलीये. ब्रश घेण्याच्या आधी ती गाठा. जाताना साखरेची, म्हणजे मधुमेहाची तपासणीही करून घ्या. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल अशा वाचकांसाठी सांगते. बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे बाहेरच्यापेक्षा कमी लागतात. घरातल्या थोरांचे दात गेले असतील आणि बीपीएल कार्ड असेल तर कवळीसाठी कर्नाटक सरकारच्या दंतभाग्य योजनेची तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. फॉर्म कन्नडमध्ये असतो म्हणून पुष्कळ मराठी घरं तिथपर्यंत जातच नाहीत. शाळेतल्या मुलामुलीला बरोबर न्या, ती भरून देतात.

यजमानांच्या आज्जीबद्दल आदर ठेवून बोलते. कडुलिंबाची ताजी काडी चावून तिचा कुंचा केला तर दात स्वच्छ होतात, यात शंका नाही. पण आपल्याला ऊस खाणारी आज्जी आठवते. तिच्याच वयाच्या, पन्नाशीत बोळक्या झालेल्या आणि भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्या आज्ज्या आठवून बघायला सांगा. आणि त्या आज्जीला दिवसातून पाच चहा आणि पुड्यातली बिस्किटं होती का, हेही विचारा.

सासूबाईंची मशेरी, कुणी मिसरी म्हणतं, तिला हात घालणं अवघड आहे हे मला कळतं. निपाणीचा तंबाखू आपल्या भागात दारात पिकतो. तव्यावर भाजून, कुटून डबीत भरून ठेवायची ही आयांच्या आयांची सवय. त्या तिला दात घासणं समजतात, पण ती तंबाखू आहे, आणि दिवसातून चार-पाच वेळा हिरडीला लावावीशी वाटते ती त्यातल्या निकोटिनमुळे. १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात बंदी आली, घरच्या तव्यावर मात्र ती भाजली जातेच. त्यांच्याशी भांडू नका. तुम्ही दवाखान्यात जाल तेव्हा त्यांनाही "माझ्या सोबतीला चला" म्हणून न्या आणि गालाचा आतला भाग डॉक्टरांना बघू द्या. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. सोडायची तयारी दिसली तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळतं. आणि एवढं करा, त्यांच्यासाठी कितीही भारी ब्रश आणला आणि नंतर बोटानं मशेरी लावली तर ब्रशचे पैसे वाया गेले, हे मुलाला कळू द्या.

आता ती शेवटची ओळ.

ताई, तुमच्या घरात इलेक्ट्रिक ब्रशची खरी गरज एका माणसाला आहे आणि त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. मामंजींचा उजवा हात गेला. डाव्या हातानं साधा ब्रश घासणं जमत नाही, कारण दात घासायला मनगटाची बारीक हालचाल लागते आणि ती डाव्या हाताला येत नाही. इलेक्ट्रिक ब्रश ती हालचाल स्वतः करतो. माणसानं फक्त तो दातावर नेऊन ठेवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं, पुढच्या दातावर सरकायचं. हँडल जाड असतं, पकड सुटत नाही. दोन वर्षं सुनेकडून दात घासून घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तुम्ही प्रेमानं करता, ते ओशाळून गप्प बसत असतील.

त्यांच्या तब्येतीसाठीही याचं महत्त्व आहे. अर्धांगवायूत ज्या बाजूची शक्ती गेली त्या गालात घास साठून राहतो आणि त्या माणसाला ते जाणवत नाही. तोंडातली घाण लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरली तर छातीत संसर्ग होतो, आणि अशा रुग्णांना तो भारी पडतो.

म्हणून मुलाला नाही म्हणू नका. त्याला द्यायचंच आहे, तर त्याचं देणं वळवा. दोन-अडीच हजारांपर्यंतचा एक चांगला चार्जिंगचा ब्रश आजोबांसाठी: छोटं गोल डोकं, मऊ केस, दोन मिनिटांचं घड्याळ, दाबाचा इशारा, एकच बटण. घेण्याआधी त्याची डोकी आपल्याकडे मिळतात का आणि कितीला, हे बघायचं. पेन्सिल सेलवर चालणारे तीन-चारशेचे ब्रश नकोत, सेल उतरला की ते नुसते गुणगुणतात. एकदा चार्ज केला की चांगला ब्रश आठवडा-दोन आठवडे चालतो, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. उरलेल्या पैशांत तुम्हा चौघांची तपासणी आणि सफाई होईल. तुम्हालाही हवा असेल तर त्याच हँडलला तुमचं वेगळं डोकं लावता येतं. ज्यांच्या घरी सांधेदुखीनं बोटं आखडलेली आई आहे, हात थरथरणारे वडील आहेत, दातांना तारा लावलेलं पोर आहे, त्यांनाही मी हेच सांगेन. शरीरात पेसमेकर असेल तर मात्र आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

ब्रश आला की मामंजींना पाठ टेकून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. पेस्ट वाटाण्याएवढीच, फेस जास्त झाला तर ठसका लागतो. गिळताना त्यांना त्रास होत असेल तर पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. पहिले चार दिवस ब्रश चालू न करताच डाव्या हातात देऊन दातांवर फिरवू द्या. मग तोंडात ठेवल्यावरच चालू करायचा, नाहीतर फेस अंगभर उडतो. समोर आरसा ठेवा. उजव्या गालातलं राहिलेलं शेवटी तुम्ही ओल्या फडक्यानं काढा. रोज रात्री डोकं काढून आतला दांडा पुसा, नाहीतर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तिथे बसतो. आणि त्यांना कितीही वेळ लागला तरी बटण त्यांनाच दाबू द्या.